आत्याचं गाणं आणि जामचा म्युझिकवाला

आमच्याकडे गोंडांच्या लग्नात व्याह्याचा गाण्यातून पाणउतारा करतात. अगदी मन लावून करतात. तो किती हादडतो, कसा घोरतो, बायकोपुढे कसा बसतो, सगळं गोंडीत, तालावर. व्याह्यानं हसत ऐकून घ्यायचं. माझी आत्या यात पक्की. कडवी जागच्या जागी जुळवते आणि ज्याच्या दारात बसून गाते, त्याचं नाव शेवटच्या कडव्यात घालते. नाव घेतलं नाही तर त्या घराचा अपमान.

जवळच्या जाम गावच्या चौकात मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवणारा एक गृहस्थ मध्यंतरी म्युझिक कंपनी झाला. मागच्या खोलीच्या भिंतींना गाद्या ठोकल्या की झाला स्टुडिओ. त्यानं आत्याला बोलावलं. "मावशी, तुमचं गाणं साऱ्या दुनियेत जाते, पाहा!" खोली त्याची, चहा त्याचा, म्हणून आत्यानं शेवटच्या कडव्यात नावही त्याचंच घेतलं.

गाणं खरंच गाण्यांच्या सगळ्या ॲपवर गेलं. मी आत्याला फोनवर दाखवलं. गायक त्याची कंपनी, गीतकार तो, संगीतकारही तोच. वर चित्र कुठल्या तरी समुद्रकिनाऱ्याचं.

"माह्यं नाव कुठं हाय वं?"

"नाई, आत्या."

"मंग गायलं कोनं?"

पुढे पिपरी मेघेतल्या चुलतभावानं लग्नाचा व्हिडिओ टाकला आणि मागे तेच गाणं लावलं. व्हिडिओ मुका झाला. खाली सूचना: हा आवाज दुसऱ्याच्या मालकीचा आहे. दुसरा म्हणजे जामवाला. आत्या त्या दिवशी जेवली नाही. पैशाचं तिनं कधी काढलं नव्हतं. तिला फक्त नाव हवं होतं.

आमच्या घरातली पहिली पदवीधर मी. पदवीचा मला गर्व आहे आणि तो मी लपवत नाही. मी बसून नियम वाचले. मोठी ॲप गायकाकडून थेट गाणं घेत नाहीत, मधे वितरक असतो. त्याच्याकडे गाणं जमा करणारा जे लिहील, तेच सगळीकडे छापलं जातं. खरं कोण गायलं हे विचारायला जामपर्यंत कोण येणार? गाण्याच्या आवाजाचा ठसा एकदा घेतला की ॲपचं यंत्र इमानदारीनं राखण करतं. कुणाच्या मालाची, ते त्याला कुठं ठाऊक!

आत्याला घेऊन मी दुकानात गेले. "शेठ, गायिका आणि गीतकार म्हणून आत्याचं नाव टाका."

"मॅडम, कॉलेज शिकल्या म्हून मले इंडस्ट्री नका शिकवू. गाण्यात नाव कोनाचं हाय? माह्यं. मंग गाणं कोनाचं?"

बाहेर स्पीकरवर तेच गाणं चालू होतं. स्वतःचं नाव आलं की शेठ आवाज वाढवायचा.

"तुम्हाला गोंडी समजते?"

"म्युझिकले भाषा नसते."

मग मी शेवटचं कडवं मोठ्यानं मराठीत सांगितलं. चहाच्या टपरीवर ट्रकवाले बसले होते, त्यांनाही ऐकू गेलं. हा व्याही पंगतीत पहिला बसतो, शेवटी उठतो, शेजाऱ्याच्या पत्रावळीतली बुंदी खिशात भरतो आणि बायकोनं हाक मारली की म्हशीमागे लपतो.

"शेठ, आवाज वाढवा ना!" एक ट्रकवाला ओरडला.

शेठचा चेहरा उतरला. "मावशी, मी तुमचं काय बिघडवलं?"

"रागावता काऊन? व्याही मानलं तुमाले. परक्याची कोनी मस्करी करते का?"

"आत्ताच काढून टाकतो!"

"काढा," मी म्हटलं, "पण आजवर ज्यांनी ऐकलं त्यांच्यासाठी गीतकार तुम्हीच. स्वतःबद्दल स्वतःच लिहिलंत म्हणतील."

त्यानं घाईघाईनं कॉम्प्युटर ओढला. "यायनंच लिहिलं! माह्यं काई नाई त्याच्यात!" गायिका, गीतकार, संगीतकार, तिन्ही जागी आत्याचं नाव त्यानं स्वतः टाकलं. व्हिडिओवरचा दावाही मागे घेतला. आता गाणं आत्याचं, म्हणून काढायचं तर तिला विचारून, आणि आत्या नाही म्हणाली.

बदल दिसायला काही दिवस गेले. नाव दिसलं तेव्हा आत्यानं माझा फोन घेऊन आळीतल्या घराघरात दाखवला. आता तिला दुसरं गाणं रेकॉर्ड करायला जामला जायचंय. शेठ तिचा फोन उचलत नाही.