आम्ही भरलेली बस

आमच्या कॉलनीच्या नाक्यावरून विठ्ठलवाडीला जाणारी पालिकेची एक बस होती. होती म्हणजे दिवसातून काही वेळा यायची, आणि कधी येईल ते थांब्याशेजारचा पानवाला सांगायचा. वेळापत्रक लावायच्या जागी एका नेत्याच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा होत्या. आमची त्याबद्दल तक्रार नव्हती. डोंबिवलीत राहून एकेका गोष्टीची तक्रार करायची ठरवली तर नोकरी सोडावी लागेल.

आमच्या घरात त्या बसची गरज फक्त आईला होती. विठ्ठलवाडीला तिची धाकटी बहीण, म्हणजे माझी मावशी, अर्धांगवायूनंतर अंथरुणाला खिळलेली. तिचा मुलगा आणि सून दोघंही कामावर जातात, दुपारी शेजारीण डोकावते तेवढंच. आई मंगळवारी आणि शुक्रवारी डबा घेऊन जायची. बहिणीला भरवायची, तिचे केस विंचरायची, मग दोघी मिळून नातेवाइकांची उणीदुणी काढायच्या. आईचे गुडघे कधीच गेलेत, स्टेशनचे जिने तिला जमत नाहीत. शेअर रिक्षाने जायचं तर वाटेत दोनदा बदलायची आणि कडेला दांडा धरून बसायचं. बसची पायरी उंच होती, पण कंडक्टर हात द्यायचा. तेवढ्यावर सगळं चाललं होतं.

मी ठाण्याला एका सरकारी कार्यालयात नोकरी करते. त्यामुळे सरकारवर चिडायचा मला इतरांपेक्षा थोडा जास्त अधिकार आहे असं मी मानते. कच्चं तेल महागलं की आमच्या पंपावर ते रातोरात कळतं. स्वस्त झालं की मात्र सरकार जागतिक परिस्थितीवर बारीक लक्ष ठेवून असतं, आणि हे लक्ष ठेवणं फार काळ चालतं. पेट्रोलने शंभरी ओलांडली तेव्हा लोक चिडले, मग व्हॉट्सॅपवर विनोद फिरले, मग सवय झाली. मी स्कूटर फक्त भाजी आणि दवाखान्यासाठी काढू लागले. रिक्षावाल्यांचा अर्धा दिवस सीएनजीच्या रांगेत जायचा आणि उरलेल्या अर्ध्यात ते तो आमच्याकडून वसूल करायचे. त्यांना तरी काय बोलणार? मी बोलायचे, ते वेगळं. टीव्हीवर एक मंत्री नागरिकांनी सार्वजनिक वाहतूक वापरावी असं कळकळीने सांगत होते. ते हे गाडीतून उतरता उतरता सांगत होते आणि त्यांच्या मागे आणखी बऱ्याच गाड्या होत्या.

त्याच सुमाराला ज्येष्ठ नागरिकांना बसप्रवास मोफत झाला. घोषणेचा बोर्ड जवळजवळ बसएवढा होता. आईने फोटो काढून पास करून घेतला आणि त्याला प्लास्टिकचं कव्हर घातलं.

मग एका मंगळवारी कंडक्टरने तिला उतरवताना सांगितलं, "आजी, हा रूट जाणार बहुतेक. लोडच नाय ना. पुढच्या महिन्यात साहेब लोक बघणार, मग ठरवणार."

आमच्या कॉलनीत कुठलीही गोष्ट पाळी लावून होते. पाण्याची मोटर पाळीने चालू होते, विहाराची झाडलोट पाळीने होते, जिन्यातला दिवासुद्धा ज्याची पाळी असेल तोच घालवतो. त्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर आई गुडघ्यावर हात ठेवून उठली आणि म्हणाली, "बसला माणसं कमी पडतायत. मग आपण कोण आहोत?"

झालं, लगेच पाळी लागली. निवृत्त लोकांची दुपार मोकळी, पास फुकट. रोज दुपारच्या बसला सात-आठ जणांनी चढायचं, विठ्ठलवाडीपर्यंत जायचं आणि परत यायचं. कशाला जायचं हा प्रश्न कोणी विचारला नाही. आमच्याकडे पाळी आली की माणूस जातो.

पण विठ्ठलवाडीला उतरून करायचं काय? चहा पिऊन झाला, स्टेशनबाहेरची भाजी बघून झाली, ती डोंबिवलीपेक्षा महाग आहे यावर एकमत झालं. मग आई सगळ्यांना मावशीकडे घेऊन गेली. ती जायची नाही त्या दिवशीही लोक आपले आपण जाऊ लागले. दुखण्यानंतर मावशी मोजकंच बोलायची, तेही तोंडाच्या एका कोपऱ्यातून. आता तिच्या एका खोलीत रोज दुपारी माणसं मावेनात. एक निवृत्त पोस्टमनकाका तिला पेपर वाचून दाखवायचे. ते भरभर वाचायचे, कारण परतीची बस चुकेल अशी त्यांना धास्ती. मावशी एक दिवस त्यांना म्हणाली, "हळू वाचा की, मी कुठं पळून चाललेय?" इतकं लांब वाक्य ती कित्येक महिन्यांत बोलली नव्हती. आईने घरी येऊन ते मला दोनदा सांगितलं. सून म्हणाली की मावशी हल्ली सकाळीच बजावते, मला चांगला गाऊन घाल, माणसं येणारेत.

मला एकदा रजा होती म्हणून मीही गेलेले, तिकीट काढून. बस खरोखर भरली होती. आमची मंडळी पुढच्या सगळ्या सीट अडवून बसली होती, एका काकूंनी तर चिवडा फिरवायला सुरुवात केलेली. एमआयडीसीच्या थांब्यावर कारखान्यातून सुटलेली काही माणसं उभी होती. कंडक्टर दारातूनच म्हणाला, "जागा नाय, मागची पकडा." मागची कधी, हे त्यालाही ठाऊक नव्हतं. ती माणसं क्षणभर बसकडे बघत राहिली आणि शेअर रिक्षाच्या रांगेकडे वळली. पोस्टमनकाका मागे वळून सगळ्यांना म्हणाले, "बघा, आता उभं राहायलापण जागा नाही!" आम्ही टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा वाजवल्या.

महिना संपला आणि बस बंद झाली.

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून परिवहनच्या कार्यालयात गेले. तिथले साहेब सभ्य होते, त्यांनी मला खुर्ची दिली. सभ्य माणसाशी भांडणं फार अवघड जातं. मी म्हटलं, "लोड नाही म्हणून बंद केलीत, पण बस तर भरून जात होती."

"लोड नाही कोण म्हणालं मॅडम? लोड भरपूर आहे." त्यांनी कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. "पूर्वी गाडीला माणसं कमी, पण कारखान्याची. तिकीट काढायची. ओढूनताणून डिझेल सुटत होतं, रूट काठावर वाचला असता. आता गाडी फुल्ल आणि मशीनमधून नुसती शून्याची तिकिटं. तिकीटवाले गेले रिक्षाला, ते आता परत येत नाहीत. डिझेलचा भाव बघताय ना तुम्ही?"

"मोफत तुम्हीच केलंत ना?"

"आम्ही नाही, वरून झालंय. भरपाईपण वरूनच यायची आहे."

"कधी?"

त्यांनी बोट वर केलं. वर पंखा होता.

मग ते म्हणाले की छोटी ई-बस सुरू करायचा प्रस्ताव विचाराधीन आहे. हा शब्द मी स्वतः रोज लिहिते. माझ्या टेबलावर विचाराधीन असलेल्या काही गोष्टींचे अर्जदार आता हयात नाहीत. मला इतका राग आला की रडू येईल असं वाटलं, आणि राग नेमका कोणावर काढायचा ते कळेना. समोरचा माणूस खोटं बोलत नव्हता. फुकट म्हणून सांगितलं तेव्हा आमची माणसं बसली, भाव वाढला तेव्हा यांनी गाडी काढून घेतली, आणि कागदावर दोन्ही ठिकाणी सरकार बरोबरच होतं. मी थँक्यू म्हणून बाहेर आले. थँक्यू कशाबद्दल म्हटलं हे मला अजून कळलेलं नाही.

घरी आईला सगळं सांगितलं. ती मेथी निवडत होती. पानं खुडता खुडता ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे आपण बसलो म्हणून गेली?"

"हो."

"अगं, पण फुकट त्यांनीच दिलेलं ना?"

"हो."

"मग काय उतरायचं होतं का आपण?" तिने परातीतल्या काड्या एवढ्या जोरात पिशवीत टाकल्या की अर्धी मेथीही त्यांच्याबरोबर गेली.

मी तिला म्हटलं, रविवारी मला वेळ असेल तेव्हा स्पेशल रिक्षा करून जाऊ. ती म्हणाली, तेवढ्या पैशात घरात दूध येतं. कॉलनीतल्या बाकीच्यांनीही दोन दिवस सरकारला शिव्या दिल्या आणि मग दुपारी झोपायला लागले. दोष त्यांनाही देता येत नाही.

शुक्रवारी मी घरीच होते. दुपारी मावशीचा फोन आला. शेजारणीने लावून दिला असणार. आईने स्पीकर चालू केला, कारण मावशीचं बोलणं आता नीट कान देऊनच ऐकावं लागतं.

"निघाले का सगळे?" मावशीने विचारलं. "मी गाऊन घालून बसलेय."

आईने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, खरं ते सांग म्हणून.

"बस बंद आहे गं," आई म्हणाली. "नवीन यायची आहे. ती आली की येते."

मावशी म्हणाली, "बरं. मी थांबते."