मूळ गायिका कोण?

मद्रासजवळच्या तांबरमला आमच्या समोर राहणारी माझी मैत्रीण माझ्यापेक्षा चांगली गायची. हे एवढं एक वाक्य कबूल करायला मला निम्मं आयुष्य लागलं. तेव्हा कुणी तसं म्हटलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आम्ही वडिलांच्या बदलीमुळे सोलापूरहून मद्रासला आलेलो, ती तंजावरच्या जुन्या मराठी घराण्यातली, 'तुला-मला'ऐवजी 'तुज-मज' म्हणणारी. कॉलेज एकच, वर्ग एकच, आणि दोघींनाही इंग्रजी गाण्यांचं वेड. माझी आईसुद्धा पाहुण्यांसमोर गायला तिलाच बोलवायची, मला चहा आणायला पाठवायची.

ऐंशीच्या दशकात आमची सगळी इंग्रजी गाणी स्टेशनजवळच्या रेकॉर्डिंगच्या दुकानातून यायची. यादी आणि कोरी कॅसेट द्यायची, आठवड्याने गाणी भरून न्यायची. दुकानदाराच्या लेखी इंग्रजी गाण्यांचे प्रकार दोनच, डिस्को आणि स्लो. गायक ठाऊक नसला की तो प्रसिद्ध नावांपैकी एखादं कॅसेटच्या कार्डावर ठोकून द्यायचा. रडवेलं गाणं बाईच्या आवाजात असलं की एका ठरावीक गायिकेचं नाव. आम्ही ते वेदवाक्य मानायचो.

तसलंच एक गाणं माझ्या मैत्रिणीने कॉलेजच्या स्पर्धेसाठी निवडलं. पहिली येणारी मुलगी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला जाणार होती, आणि ती मीच असायला हवी, असं मी ठरवून टाकलं होतं. गाण्याआधी मूळ गायकाचं नाव माइकवर सांगायचं, असा आमच्याकडे नियम होता.

मी सरावाला एका अँग्लो-इंडियन बाईंकडे जायची. स्पर्धेच्या आठवड्यात सोमवारी त्यांच्या कपाटात मला त्याच गाण्याची जुनी रेकॉर्ड दिसली. गायिका भलतीच, कधी नाव न ऐकलेली. मी त्यांना आमच्या कॅसेटच्या कार्डावरचं नाव सांगितलं, तेव्हा त्यांनी ती लावली. संथ चाल, व्हायोलिन, आणि जरासा खरखरीत आवाज.

"हे कंट्री गाणं आहे, अमेरिकेच्या खेड्यापाड्यातलं," बाई म्हणाल्या. "मूळ हिचंच. मग कितीतरी जणींनी गायलं. तुझ्या कॅसेटवरची त्यातलीच कुणीतरी असेल. पण कार्डावर जिचं नाव आहे, तिने हे कधीच गायलेलं नाही."

मी ती रेकॉर्ड मागून घेतली. घरी येताना माझ्या पोटात आनंद मावत नव्हता.

मंगळवारी मैत्रीण आमच्याकडे आली आणि माइकवर सांगायची ती दोन वाक्यं म्हणून दाखवली. "नाव बरोबर आहे ना गे?" तिने विचारलं.

"अगदी बरोबर," मी म्हणाले.

स्पर्धेच्या दिवशी तिने ते चुकीचं नाव खणखणीत आवाजात सांगितलं. मी परीक्षकांच्या चेहऱ्यांकडे बघत होते. आता हसतील, आता भुवया उंचावतील. तिघांनीही मान डोलावली! त्यांच्याही घरी त्याच दुकानासारख्या दुकानांतल्या कॅसेटी असणार. निकाल सांगताना त्यांतले एक सर तर म्हणाले, "डोळे मिटले तर मूळ गायिकाच गातेय असं वाटलं." ती पहिली, मी दुसरी.

मग मला राहवलं नाही. मी तरातरा परीक्षकांच्या टेबलाशी गेले, पिशवीतून रेकॉर्ड काढली आणि म्हणाले, "सर, ते गाणं त्या बाईचं नाहीच."

सरांनी कव्हर उलटसुलट करून पाहिलं. "अरे, खरंच की," ते म्हणाले. "पण गुण आम्ही गळ्याला दिलेत." आणि त्यांनी रेकॉर्ड माझ्या हातात परत ठेवली.

ती माझ्या शेजारीच उभी होती. तिने कव्हर पाहिलं, मग माझी पिशवी पाहिली.

"हे तुज कधीपासून ठाऊक होतं?"

"सोमवारपासून."

मंगळवारचं तिला आठवलं, हे तिच्या तोंडावर दिसलं. ती चिडेल, रडेल, माझ्या आईला जाऊन सांगेल, या सगळ्याची माझी तयारी होती. उत्तरंही तयार होती.

"अय्यो," ती हळूच म्हणाली, "तुज इतकं जायचं होतं, तर मज सांगायचं ना गे. मी स्पर्धेत नावच दिलं नसतं."

ती हे मनापासून बोलत होती. खोटं सांगत नाही, मला त्याचाही हेवा वाटला.