सोमवारचं पाकीट

किल्लीकाकांनी चाळीस वर्षं सिगारेट ओढली आणि साठीत सोडली, तीही डॉक्टरांनी छातीचा फोटो पुढ्यात धरून खडसावलं म्हणून. माणूस मुलखाचा हट्टी. अख्ख्या गल्लीच्या किल्ल्या यांनी घासून दिल्या, पण ‘आत या, बसा’ म्हणणारं दार एकही नाही. बायको जाऊन चार वर्षं झाली. मुलगा परगावी; रविवारी फोनवर ‘बरे ना?’ विचारतो आणि उत्तर यायच्या आत ठेवतो.

सिगारेट सुटली तशी कोपऱ्यावरची ओढणारी मंडळीही सुटली. धुराशिवाय तिथं उभं राहून करायचं काय? उरली औषधाच्या दुकानातली बाई, मुलीच्या वयाची. सिगारेटची तलफ भागवायला चघळायचा निकोटिनचा गम तिनेच दिला. काकांनी पहिलाच तुकडा कचाकचा चघळला आणि अशी उचकी लागली, की हातातली किल्ली वाकडी कापली गेली. तावातावाने तक्रार घेऊन गेले, तर तिनेच फैलावर घेतलं.

“अहो काका, हा काय खाऊ आहे? हळूहळू चावायचं, जिभेला चुरचुरलं की गालात दाबून गप्प बसायचं. चुरचुर थांबली की पुन्हा.”

“गप्पच असतो मी दिवसभर,” काका म्हणाले. ती हसली.

मग दर सोमवारी पाकीट न्यायचं ठरलं. “किती दिवस झाले?” ती विचारायची. काकांनी आकडा सांगितला, की सगळ्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असं म्हणायची, “बघा, शिका काही काकांकडून!” काका लटकेच रागवायचे. आणि रविवारीच इस्त्रीचा शर्ट काढून ठेवायचे. आता यावर हसायचं की रडायचं, तुम्हीच ठरवा.

बाराव्या आठवड्यात गम दिवसाला एकावर आला, मग तोही सुटला. “जिंकलात काका!” ती म्हणाली. “आता इथं यायचं कामच नाही.”

बिचारी आनंदानेच म्हणाली. काकांनी मात्र रिकामं पाकीट घडी करून खिशात ठेवलं.

पुढचा सोमवार त्यांनी कसाबसा काढला. किल्ल्या कापायचं यंत्र बंद केलं, की दुकान खायला उठायचं. त्याच्या पुढच्या सोमवारी तोच शर्ट घालून ते तिच्यासमोर उभे राहिले.

“काय हो काका? बरं नाही का?”

“काल एक ओढली,” काका म्हणाले.

ओढली कसली, डोंबल! घरात काडेपेटीसुद्धा नव्हती. तिचं तोंड एवढंसं झालं. काकांना स्वतःची लाज वाटली, पण बोललेलं काही त्यांनी मागे घेतलं नाही.

तिने पाकीट काढून समोर आपटलं. “सगळं पाण्यात घातलंत! आता पुन्हा पहिल्यापासून. दर सोमवारी यायचं. दांडी मारलीत ना, तर तुमच्या दुकानात येऊन बसेन, सांगून ठेवते.”

काकांनी पाकीट खिशात घातलं. पाय काही निघेना.

“खरंच याल?” त्यांनी विचारलं.