मुद्देमाल खोलीतली फीत

नोकरीत खुनाचे तपास केले, दरोडे उघडकीस आणले, त्यातलं बरंच विसरलो. एका टेपच्या चोरीचा तपास मात्र आजही आठवला की हातातला चहा गार होतो.

तेव्हा मी सांगलीत निरीक्षक होतो. गणपती नुकतेच संपले होते. बंदोबस्ताने सगळे पिचून गेले होते आणि मिरवणुकीत जप्त केलेल्या स्पीकरची रास मुद्देमाल खोलीत पार छताजवळ पोचली होती. अशात एका संगीत ग्रंथालयाच्या ग्रंथपाल बाई फिर्याद द्यायला आल्या. ध्वनिफितीचा एक डबा चोरीला गेला होता.

“त्यात काय होतं, बाई?”

“गाणं.”

आमचे हवालदार हसले. खोटं कशाला बोलू, मीही हसलो.

हे ग्रंथालय फक्त संगीताच्या अभ्यासकांसाठी. लोक आपल्या वाडवडिलांच्या वह्या, तबकड्या तिथे दान देत. साताऱ्याचे एक गायनमास्तर आपल्या शिष्यांचं गाणं घरीच टेप करून ठेवायचे. ते वारल्यावर मुलाने त्यांच्या सगळ्या फिती दिल्या, त्या जुन्या, मोठ्या चकत्यांवरच्या. बाई दर शनिवारी प्रत्येक डबा उलटा करून ठेवायच्या, म्हणजे फीत एका अंगाला बसत नाही. त्या शनिवारी एक जागा रिकामी निघाली. त्या फितीची दुसरी प्रत कुठेच नव्हती.

मी जुन्या तबकड्या विकणाऱ्यांच्या मागे लागलो. हाती काही लागलं नाही. मग मिरजेहून एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्याचा निरोप आला. “साहेब, एक म्हातारा असली चकती वाजवून मागतोय. माझ्या यंत्राचा पट्टा तुटलाय. गुरुवारपर्यंत नवा बसवतो, तेव्हा या म्हणून सांगितलंय.”

गुरुवारी आम्ही साध्या वेशात दुकानासमोर थांबलो. म्हातारा आला, पायरी चढला, आणि तिथेच आम्ही त्याला धरलं. चकती अजून पिशवीतच होती.

कोरेगावकडचा हा माणूस. फौजेतून निवृत्त झालेला, घरी ऊस. सराईत चोर ठाण्यात आला की पाणी मागतो, बिडी मागतो, वेळ काढतो. हा ताठ बसून नुसता टेबलावरच्या डब्याकडे बघत होता. कुणी पाठवलं, काय भाव ठरला, सगळं विचारून झालं. दुपारपर्यंत तेच चाललं. शेवटी मी डब्यावरची चिठ्ठी वाचली. मास्तरांच्या अक्षरात एका मुलीचं नाव होतं.

“ही कोण तुमची?”

म्हाताऱ्याची मान खाली गेली.

“मंडळी. गेल्या साली गेली.”

मग तो बोलू लागला. “लगीन झालं तवाच म्या सांगितलं, आमच्या घरात गाणंबिणं चालायचं न्हाई. गप म्हणलं तिला. पुना कवा सूर काढला न्हाई तिनं. म्या पलटणीत, ती रानात. सारा जलम असा गेला. म्या तिचं गाणं एकदाबी आयकलं न्हाई, साहेब.”

दानाची यादी शिष्यांच्या नावांसकट वर्तमानपत्रात छापून आली होती. सुनेने ती वाचून दाखवली आणि तेवढ्यावर हा सांगली गाठून मोकळा झाला. तीनदा गेला. बाईंनी तिन्ही वेळा नियम सांगितला, की अभ्यासकाचं पत्र लागतं. तिसऱ्यांदा त्या आत वळल्या आणि याने डबा पिशवीत घातला.

“पण ती तुमची बायको, हे बाईंना सांगितलं का नाही?”

“आवं, बायकूचं नाव कसं घ्यायचं परक्या बाईम्होरं? नुसतं बोट दावलं डब्याकडं.”

बाईंना हे कळलं तेव्हा त्या माझ्यासमोर रडल्या. एका शब्दाने सांगितलं असतं तर मीच लावून दिली असती, म्हणाल्या. फिर्याद मागे घ्यायलाही तयार झाल्या. पण ते न्यायालयाच्या परवानगीनेच होतं.

म्हाताऱ्याने हात जोडले. “साहेब, एकदा वाजवा. मग काय सजा द्यायची ती द्या.”

मी नाही म्हणालो. पंचनामा झाला होता, डबा पाकिटात घालून सील केला होता, ते फोडायचं तर न्यायालयाचा हुकूम हवा. नियमाने मी चुकलो नाही. उलट हवालदारांना बजावलं, की हे पाकीट जपा, ओल नको, उंदीर नको, उंचावर ठेवा. त्यांनी ते सगळ्यात उंच जागी ठेवलं, त्या जप्त स्पीकरच्या राशीवर.

न्यायालयाचा हुकूम यायला वर्ष उलटलं. बाईंनी ग्रंथालयातलं यंत्र तपासून घेतलं आणि म्हाताऱ्याला बोलावलं. तो धुतलेला फेटा बांधून आला होता. मीही गेलो. चकती फिरू लागली आणि नुसती खरखर आली. बाईंनी पुढे नेली, मागे आणली, उलटून लावली. शेवटी त्यांनी मला विचारलं, फीत कुठे ठेवली होती. मी सांगितलं. त्या खुर्चीत बसल्या. स्पीकरमध्ये मोठालं लोहचुंबक असतं आणि त्याने फीत पुसली जाते, हे मला तेव्हा कळलं.

मी म्हाताऱ्याची माफी मागितली. त्याने हाताने मला थांबवलं आणि फीत संपेपर्यंत ती खरखर ऐकत बसला.

मग उठताना म्हणाला, “तुमी नका वाईट वाटून घेऊ, साहेब. गप म्हणलं हुतं म्या तिला. गपच ऱ्हायली.”

तपास यशस्वी झाला अशी त्या गुन्ह्याची नोंद आहे. पुढे नोकरी होती तोवर माझ्या ठाण्यात एखादी वस्तू जप्त होऊन आली, की सील करण्याआधी मी समोरच्याला विचारायचो, ही तुमची कोण लागते. हवालदारांना वाटायचं साहेबांचं डोकं फिरलंय. त्यांना कधी कारण सांगितलं नाही. त्या गुरुवारी मी दुकानाबाहेर आणखी अर्धा तास थांबलो असतो, तर त्या माणसाने आपल्या बायकोचं गाणं ऐकलं असतं.