स्लॅबवरच्या खारट कुरडया

आवंदा बी आमच्या कुरडया खारट झाल्यात. कशानं झाल्या ते शेवटाला सांगते, आधीच इचारू नका.

आमच्या गल्लीत कुरडई कधी एकटी तळली जात न्हाई. कढईत पडली, फुलली, की तिच्यासंगं एखादा किस्सा वर येतो. असे साठून साठून इतके झालेत की आता डबेच कमी पडतील!

आधी माणसं सांगते, म्हंजी घोळ व्हायचा न्हाई. चौसाळ्यापासून थोडं आत आमचं गाव. वाळवणाला आमी चौघी. गयाक्का सगळ्यात म्हातारी, कानानं कमी. मंगल समोरच्या घरची सून, बारावी झालेली. शांता माझ्या भिंतीला भिंत लावून राहणारी. अन मी कौसा, तोंडाची फाटकी. सगळा गाव म्हणतो, म्हणू द्या.

चौघींचं वाळवण माझ्याच स्लॅबवर. शांता नवऱ्यासंगं दिवाळी झाली की ऊसतोडीला जाते, ती उन्हाळ्याच्या तोंडाला येते. तिचा ट्रॅक्टर वेशीत दिसला की मी गहू भिजत घालायचा. त्याच्या आधी न्हाई. ही इतक्या वर्षांची रीत.

* * *

गयाक्काचं काम राखणीचं. छत्री धरून, हातात काठी घेऊन बसायची. एका साली बसल्या बसल्या डोळा लागला. कुणाची तरी शेळी जिन्यानं वर आली अन अर्धी साडी साफ! कुरडया गेल्या, नुसती साडी राहिली.

मी वर गेले अन सुरू झाले. "अक्का, काठी काय टेकायला दिलती का तुमाला?"

गयाक्कानं डोळे चोळले. शेळीकडं बघितलं. शेळी अजून साडी चाटायलीच होती.

"कौसे, ओरडू नको," म्हणाली. "शेळीनं खाल्ल्या म्हंजी मीठ बराबर हाय!"

* * *

मंगल नवी आली तवा मोबाईल घेऊन वर आली. म्हणाली, "अक्का, सगळं प्रमाण लिहून घेते. मीठ किती चमचे?"

"चमचा कशाला? मूठ हाय की."

मंगलनं लिहून घेतलं. मग थांबली, गयाक्काच्या सुरकुतलेल्या हाताकडं बघत राहिली. म्हणाली, "अक्का, पण कुणाची मूठ?"

आमी हसलो. गयाक्का न्हाई हसली. तिनं मीठ मुठीत धरलं, मंगलच्या ओंजळीत टाकलं अन म्हणाली, "आता तुझी."

* * *

चिकाचं तर सांगूच नका. गरम गरम चीक, वर कच्चं तेल. आमच्या लहानपणी ताटली घेऊन रांग लागायची. जीभ पोळायची, तरी कुणी फुंकर मारायला थांबायचं न्हाई. फुंकर मारेस्तोवर दुसरा संपवायचा!

माझा पोरगा आता पुण्याला कंपनीत हाय. उन्हाळा लागला की फोन येतो. "आई, कुरडया नको पाठवू. चीक पाठव."

म्हणलं, "चीक काय कुरिअरनं येतो का? तू ये."

दोन साल झाले, कुरडयाच कुरिअरनं जातात. तो काही येत न्हाई.

* * *

शांता निघायची त्या दिवशी मी तिला धपाटे करून द्यायचे. ज्वारीचं पीठ, थोडं बेसन, तीळ, लसूण, हिरवी मिरची. चार दिवस खराब होत न्हाईत. संगं शेंगदाण्याची चटणी, उखळात कुटलेली. तिकडं पहिले चार दिवस खोप बांधण्यातच जातात, चुलीला कुठं सवड?

एका साली परत आली ते हसतच. म्हणाली, "कौसे, तुझ्या चटणीनं लई उपकार केले. मुकादमानं एक घास मागितला. दिला. दिवसभर त्यानं शिव्या द्यायला तोंड उघडलं न्हाई!"

पुढच्या साली मी मिरची दुप्पट टाकली.

* * *

आता भांडणाचं सांगते. चूक माझी हाय, म्हणून लवकर सांगून मोकळी होते.

माझ्या आईचा पितळी सोऱ्या. दोन साल झाले, दिवाळीला शेव करायला शांतानं नेला. परत आला तर दांडीचा आटा गेलेला. आईची तेवढीच एक वस्तू माझ्याकडं. माझं डोकं फिरलं. गल्लीत उभी राहून म्हणाले, "उसाच्या फडात राहून राहून चांगली भांडी वापरायची सवय मोडली का गं तुझी?"

शांतानं शिवी दिली असती तर मी बी दिली असती अन मिटलं असतं. तिनं सोऱ्या ओट्यावर ठेवला अन गेली.

ती निघाली त्या दिवशी मी धपाटे केलते. फडक्यात बांधलते. दाराच्या आत उभी राहिले. ट्रॅक्टर चालू झाला, आवाज वेशीपर्यंत गेला. मी आतच.

नवरा चार दिवस धपाटेच खात होता. पाचव्या दिवशी म्हणाला, "कुणासाठी केलतेस एवढे?"

"तुमच्यासाठी!"

"मला एवढी भूक कवापासून लागायली?"

* * *

उन्हाळ्यात ट्रॅक्टर आला. मी गहू घातला. शांता बी आली, कारण भिजलेला गहू कुणाच्या भांडणासाठी थांबत न्हाई. तीन दिवस भिजला की वाटायचाच.

चीक शिजवायला दोघी लागतात. एकीनं धार सोडायची, एकीनं हाटायचं, न्हाईतर गोळे होतात. अन धार सोडायच्या आधी हाटणारीनं मोठ्यानं इचारायचं, "मीठ टाकलं का गं?" कारण एकदा चीक पडला की मग काही करता येत न्हाई.

त्या दिवशी शांता हाटायला बसली. माझ्याशी बोलेना. मी बी बोलेना.

मी म्हणलं, "अक्का, तिला म्हणा जाळ कमी कर."

शांता म्हणाली, "अक्का, तिला म्हणा मला दिसतंय."

गयाक्का दोघींकडं बघून म्हणाली, "मला ऐकू येत न्हाई म्हणून मलाच सांगायल्यात का गं?"

मिठाचं कुणी इचारलं न्हाई. मी टाकलं. मी चिकाचं पातेलं आणायला वळले, तर तिनं बी टाकलं.

पाहुणे आले, आमरसासंगं कुरडया वाढल्या. माझ्या व्याह्यांनी एक घास घेतला. तांब्याभर पाणी प्याले. मग म्हणाले, "लई खुसखुशीत झाल्यात."

निम्म्या कुरडया शांताच्या घरी, निम्म्या माझ्या. दोघींनी सालभर खाल्ल्या. कुणी तोंडातून चकार शब्द काढला न्हाई. पुढच्या दिवाळीला ती तशीच गेली. धपाट्यांशिवाय.

* * *

आवंदा मंगल बाळंतपणाला माहेरी. गयाक्काच्या हातात आता बळ राहिलं न्हाई. अन शांताचा ट्रॅक्टर काही येईना. बाकीच्या टोळ्या आल्या. वाट बघून बघून मी रीत मोडली, गहू भिजत घातला. पहिल्या दिवशी पाणी बदललं. दुसऱ्या दिवशी बदललं. शांता आली ती त्याच दिवशी संध्याकाळी. दार उघडल्याचा आवाज आला, पण माझ्याकडं काही फिरकली न्हाई.

तिसऱ्या दिवशी मी एकटीनं वाटला, चीक गाळला. चौथ्या दिवशी सकाळी स्लॅबवर चूल पेटवली, पाणी ठेवलं. आता एका हातानं धार अन एका हातानं हाटायचं, होतील तेवढे गोळे होऊ द्या, असं मनाशी म्हणलं. मीठ टाकलं. मूठभर, बराबर.

जिन्यावर पाय वाजले. शांता वर आली. हातात तिचं हाटायचं लाकूड. चुलीपाशी बसली. जाळ थोडा कमी केला. पाण्याला उकळी आली. मी चिकाचं पातेलं उचललं.

तिनं मान खालीच ठेवली अन इचारलं,

"कौसे, मीठ टाकलं का गं?"

म्हणलं, "न्हाई. तू टाक."