माझं समाधान झालेलं नाही

माझ्या हरकतीच्या अर्जावर उपविधी समितीच्या सभापतींनी चहाची बशी ठेवली.

समोर भलंमोठं टेबल रिकामं होतं. तरी बशी माझ्या कागदावर. माझ्याकडे बघून ठेवली. मग बशीच्या कडेनं दिसलं तेवढंच वाचलं. "स्मशानभूमीच्या उपविधीला हरकत. कोन हाय?"

मी दाराशी उभी होते. आत खुर्च्या मोकळ्या होत्या. माझ्या आधीच्या किराणा दुकानदाराला "या शेठ, बसा" झालं होतं. मला कुणी बस म्हणालं नाही. मी गावातल्या शाळेत शिकवत होते. सभापतींची नात माझ्याच वर्गात बसायची.

आईला जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं.

आई मोंढ्यात हळद चाळायची. जन्मभर. तळहात, नखं, टाचांच्या भेगा, सगळं पिवळं. शेवटची अंघोळ घालताना मी तिचे हात घासले. रंग गेला नाही. गावातल्या किती नवऱ्यांच्या अंगाला लागलेली हळद या हातांखालून गेली होती. किती देवघरांतली.

श्रावणातली झड लागली होती. नगरपरिषदेनं ओढ्याकाठी नवा दहनशेड बांधला होता. पत्र्याचं छप्पर, लोखंडी फाटक. आम्ही तिरडी घेऊन गेलो तर फाटकाला कुलूप. राखणदार म्हणाला, "मॅडम, किल्ली गावच्या पंचांकडं हाय. तुमची जागा वढ्याच्या पल्याड. तुमाला म्हाईत न्हाई का?"

माहीत होतं. नव्या शेडला तरी ते लागू नसेल, असं वाटलं होतं.

ओढ्यापलीकडे उघड्यावर चिता रचली. लाकडं ओली. रॉकेल ओतलं. मग कुणीतरी सायकलीचे टायर आणले. माझ्या आईखाली टायर. आग धरायची, विझायची. माझा धाकटा भाऊ चितेवर छत्री धरून उभा होता. छत्रीचं कापड आक्रसायला लागलं तरी धरून होता. आणि समोर, ओढ्याच्या त्या काठाला, शेड उभा. कोरडा. रिकामा.

पुढच्या पावसाळ्याआधी नगरपरिषदेच्या फळ्यावर उपविधीचा मसुदा लागला. मी उभ्यानं सगळा वाचला. शेडची देखभाल आणि किल्ली पंच मंडळाकडे राहील. इतर समाजांनी आपापल्या पूर्वापार जागा वापराव्यात. राखणदार तोंडी बोलला होता, ते आता नियम होणार होतं. कुलपाला नगरपरिषदेचा शिक्का मिळणार होता. कुणाची हरकत असल्यास लेखी कळवावी, असं खाली लिहिलं होतं. मी कळवली.

समितीच्या सुनावणीची रीत मी दारातूनच पाहिली. हरकत पुकारायची. सभापतींनी दोन वाक्यं बोलायची. मग विचारायचं, "समाधान झालं?" हरकतदारानं हात जोडायचे. "झालं साहेब." संपलं. दुकानदाराचं झालं. पानटपरीवाल्याची टपरी उठणार होती, त्याचंही झालं.

माझी पाळी आली. सभापती म्हणाले, "बाई, तुमी शिकलेल्या. गेलेल्या मानसाला पत्रा काय अन् आभाळ काय! गावात उगं तंटा कशाला? पल्याड मुरूम टाकून देऊ तुमाला. समाधान झालं?"

मी तोंड उघडायच्या आत समितीतलाच एक माणूस बोलला. आमच्या वस्तीतला, राखीव जागेवर निवडून आलेला. मी त्यांना मामा म्हणायची. आईच्या चितेसाठी रॉकेल त्यांनीच मिळवलं होतं.

"झालं साहेब. आमच्या घरचीच पोरगी हाय. झालं तिचं समाधान."

कारकुनानं पेन उचललं.

बशी मी गिळली असती. दाराशी उभं राहणंही गिळलं असतं. गिळायची सवय होती. पण माझं समाधान दुसऱ्यानं जाहीर करावं? टायरचा तो धूर ज्यांच्या डोळ्यांत गेला होता, त्यांनी?

मी आत गेले. अर्जावरची बशी उचलून बाजूला ठेवली. मोकळी खुर्ची ओढली आणि बसले.

"माझं समाधान झालेलं नाही."

"काहून न्हाई झालं?" सभापती हसत होते. "तुझा मामा म्हणून राहिला ना, झालं म्हणून."

एवढ्यात मी 'तू' झाले होते.

"पत्रा काय अन् आभाळ काय, असं तुम्हीच म्हणालात. मग तुमच्या घरचं माणूस गेलं की आभाळाखाली जाळा. शेड आम्हाला द्या. तसं उपविधीत लिहा. मग होईल माझं समाधान."

"पुस्तकं वाचून डोस्कं फिरलं हिचं," मागून कोणीतरी म्हणालं.

मामा माझ्याकडे बघत नव्हते. "ऊठ पोरी. झालं म्हन अन् घरला जा. आपल्याला ह्याच गावात ऱ्हायचं हाय."

"मरायचंही इथंच आहे, मामा."

मी उठले नाही. पुढची हरकत पुकारता येईना. शिपायाला बोलावलं, तो माझ्या खुर्चीमागं येऊन नुसता उभा राहिला. शेवटी समितीच उठून गेली. मोकळ्या खुर्च्यांमध्ये मी एकटी, आणि माझा तो डाग पडलेला कागद.

उपविधी मंजूर झाला. माझ्या नावापुढं 'समाधान झाले' असंच लिहिलं गेलं. मामांनी हात वर केला होता.

पुढं हिंगोली जिल्हा झाला. कचेऱ्या जवळ आल्या. मी त्या सगळ्यांत अर्ज दिले. शेडला रंग लागला, फाटकाला नवं कुलूप आलं. मग मामा गेले. पावसाळ्यातच. तेही पल्याडच जळाले, ओल्या लाकडांवर. हात वर करूनही त्यांना पत्रा मिळाला नाही. मी गेले होते. मला रडू आलं, आणि त्याहून जास्त राग आला.

आता दर सुनावणीला मी जाते. कुणी बस म्हणायची वाट बघत नाही.

आणि भावाला सांगून ठेवलं आहे. मी गेले की ओढा ओलांडायचा नाही. तिरडी फाटकासमोर ठेवायची. त्रिसरण पंचशील तिथंच म्हणायचं. कुणी मोठा माणूस माझ्या वतीनं 'झालं' म्हणायला पुढं आला, तर त्याला मागं सारायचं. कुलूप निघेस्तोवर मला हलवायचं नाही.

वास सुटला तरी नाही. गावाला येऊ दे.