नानिवडेकर-सानांचा शिक्का

नानिवडेकर-सान फोनवर बोलतानाही कमरेत वाकत. पलीकडचा माणूस जपानी असेल तर एक वेळ समजता येतं, पण सांगलीच्या थोरल्या बहिणीशी बोलतानाही हे वाकलेलेच. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते असंच, जपानमधल्या त्सुकुबा शहरात, आमच्या इमारतीच्या कचऱ्याच्या पिंजऱ्यासमोर. एका हातात फोन, दुसऱ्या हातात माझीच कचऱ्याची पिशवी आणि तोंडाने "हो अक्का, हो अक्का" चाललेलं. फोन ठेवून मला म्हणाले, "तिसऱ्या मजल्यावरच्या नव्या पोस्टडॉक तुम्हीच ना? बाटली वेगळी, झाकण वेगळं, वरचं लेबल वेगळं. आज मी केलंय. उद्यापासून तुम्ही." परदेशात कानावर पडलेलं पहिलं मराठी, आणि तेही कचऱ्याबद्दल!

माणूस तिथल्याच एका संशोधन संस्थेत तीस वर्षं धातूंवर काम करत होता आणि जपानी लोकांनीही सोडून दिलेले जपानी रिवाज निष्ठेने पाळत होता. नावापुढचं 'सान', म्हणजे आपलं 'राव', हेही त्यातलंच. त्यांचा जीव कशात असेल तर हान्कोमध्ये. हान्को म्हणजे नावाचा गोल शिक्का. इथे सहीऐवजी तो मारतात. त्यांनी स्वतःचा खास कोरून घेतला होता. 'नानिवडेकर' एवढं नाव बोटाएवढ्या वर्तुळात बसवताना कोरणाऱ्या म्हाताऱ्याला घाम फुटला होता म्हणे. शिक्का कायम खिशात. सुलभाताईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, भाजीची चिठ्ठी दिली तरी तिच्यावर 'वाचली' म्हणून शिक्का उमटवायचे. सुलभाताई म्हणायच्या, "लग्नात यांच्याकडे हे खेळणं नव्हतं म्हणून बरं. नाहीतर माझ्या कपाळावर कुंकवाऐवजी हेच आलं असतं." नानिवडेकर-सानांचं उत्तर ठरलेलं असे. "तोंडाचं काय हो, ते उघडतं आणि मिटतं. शिक्का मारला की माणूस बांधला गेला."

आता आमच्या मराठी मंडळाबद्दल सांगायला हवं. मंडळ केवढंसं, पण त्यात पॅनेलं दोन. एक 'उत्सव', दुसरं 'प्रगती'. दोन्ही उत्सवच करायची आणि प्रगती कोणाचीच होत नव्हती, पण भांडण मात्र जोरात. अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी प्रत्येक पॅनेल आपापल्या माणसांत मतदान घेऊन आपला उमेदवार ठरवी. नानिवडेकर-सान उत्सववाले. एका वर्षी काय झालं, आमच्या अंतर्गत मतदानाला प्रगतीवाले सहकुटुंब आले, आमचेच बटाटेवडे हाणले आणि सगळ्यांनी मिळून अशा एका गृहस्थांना निवडून दिलं, ज्यांची पुण्याला बदली झालेली होती. उमेदवार विमानात आणि आम्ही तोंडावर आपटलेलो.

ती गोष्ट नानिवडेकर-सानांना फार लागली. त्यात यंदा ते स्वतः उभे राहणार होते. मार्चमध्ये निवृत्त झाले होते, गणपती झाले की कायमचे सांगलीला. वीस वर्षं या माणसाने मंडळाच्या खुर्च्या लावल्या, हॉल मिळवला, जाताना पायपुसणीसुद्धा झटकली; अध्यक्ष मात्र कधी झाला नाही. गणपतीत अध्यक्ष स्वागताचं भाषण करतो ना, ते एकदा करायचं, एवढीच हौस. भाषण दहा वर्षांपूर्वीच लिहून तयार होतं. सुलभाताईंना ते पाठ झालं होतं, आणि खरं सांगायचं तर आम्हालाही.

तर यंदा त्यांनी फतवा काढला. अंतर्गत मतदानाला यायचं तर आधी निष्ठापत्र द्यायचं. मजकूर त्यांचाच. 'मी उत्सव पॅनेलशी एकनिष्ठ आहे. येथे जो उमेदवार निवडून येईल, तो मला आवडो वा न आवडो, मुख्य निवडणुकीत मी त्यालाच मत देईन व त्याचा प्रचार करीन.' आणि खाली सही चालणार नाही, हान्कोच हवा.

यावर केतकी उसळली. केतकी म्हणजे आमच्या पॅनेलची दुसरी उमेदवार, घरून सॉफ्टवेअरचं काम करणारी, दोन मुलांची आई, बोलायला फटकळ. मोदक बाहेरून मागवू या, असं ती एकदा म्हणाली होती. तेव्हापासून नानिवडेकर-सान तिच्याशी फक्त हवामानावर बोलत.

"काका, उद्याचं मत आजच लिहून घ्यायचं, मग उद्या मतदान कशाला?" तिने भर सभेत विचारलं.

"केतकीबाई, मत कोणालाही द्या. वडे खाऊन पळायचं नाही, एवढंच म्हणणं आहे."

"आणि उमेदवार दगड निघाला तर?"

"तर दगडाचा प्रचार करायचा. शिक्का मारलाय ना!"

पण आम्हा नव्या मंडळींकडे हान्को होता कुठे? आमची सगळी कामं सहीवर भागत. मग झुंडीने शंभर येनच्या दुकानात गेलो. तिथे तयार शिक्क्यांचा फिरता स्टँड असतो. तानाका आहे, सुझुकी आहे, सातो आहे. कुलकर्णी कुठून असणार! जे हाताला लागलं ते घेतलं. मी 'मोरी' घेतला, कारण त्या जपानी अक्षरात तीन झाडं काढल्यासारखी दिसतात आणि ती मला आवडली. केतकीने 'कितामुरा' घेतला, निदान 'क' तरी जुळतो म्हणून. आणि नानिवडेकर-सानांनी हे पाहिलं कसं नाही? कारण कागद घ्यायचीही त्यांची रीत होती. दोन्ही हातांनी घ्यायचा, वाकायचं आणि न वाचता फायलीला लावायचा. समोरच्याच्या देखत वाचणं म्हणजे अविश्वास दाखवणं, असं ते मानत. बरोबर वाकायच्या वेळी आम्ही कागद पुढे करत होतो.

मतदान झालं. केतकी निवडून आली. नानिवडेकर-सान थोडक्यात पडले.

त्यांनी उठून केतकीपुढे वाकून "अभिनंदन" म्हटलं आणि खुर्च्या उचलायला लागले. तेवढ्यात त्यांचे खंदे समर्थक दांडेकर फाइल चाळता चाळता ओरडले, "अहो नाना, हे बघा काय! तानाका, सुझुकी, मोरी... निम्म्या कागदांवर आपल्या माणसांची नावंच नाहीत! निवडणूकच रद्द! पुन्हा मतदान घ्या, तुम्ही येताय निवडून!"

आमच्या माना खाली. नानिवडेकर-सानांनी चष्मा लावला आणि फाइल पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिली. मध्येच एकदा "अरे वा, तीन तानाका" एवढंच म्हणाले. शेवटच्या कागदावर थांबले. तो त्यांचा स्वतःचा होता.

"दांडेकर, हे सगळे सुटले, कबूल," ते म्हणाले. "पण मी कुठे सुटलो? माझा शिक्का खरा आहे."

"अहो, पण मतदानच खोटं ठरलं की!"

"मतदान रद्द करायचं तर मागायचं कोणी? पडलेल्याने? आणि 'आवडो वा न आवडो' हे कोणी लिहिलं? मीच ना? मिटवा."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी सायकल काढली आणि प्रचार सुरू केला. दारोदार जायचे, बूट काढायचे, वाकायचे आणि म्हणायचे, "केतकीबाईंना मत द्या. मला स्वतःला त्या आवडत नाहीत. मोदकांबद्दलचे त्यांचे विचार घातक आहेत. पण मत त्यांनाच द्या." केतकी रडकुंडीला आली. "काका, पाया पडते, प्रचार थांबवा! माझी मतं जातायत!"

"प्रचार करीन असं लिहिलंय. खोटं बोलीन असं नाही लिहिलं," हे शांतपणे म्हणाले आणि पुढच्या दारी गेले.

मुख्य निवडणूक नागरी केंद्रातल्या खोलीत झाली. कोऱ्या चिठ्ठीवर उमेदवाराचं नाव लिहायचं आणि कुरिअरच्या खोक्यात टाकायचं, ही आमची पद्धत. मोजायला मला बसवलं होतं. केतकी पुढे, मग प्रगतीवाले पुढे, असं चाललं होतं. एक चिठ्ठी उघडली आणि मी थबकले. नाव केतकीचं होतं, आणि शेजारी लालभडक गोल शिक्का! आता चिठ्ठीवर कसलीही खूण असली की मत बाद, हा मंडळाचा नियम. कोणीतरी एकदा गणपतीचं चित्र काढलं होतं तेव्हा तो केला होता, आणि केला होता नानिवडेकर-सानांनीच.

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते पहिल्या रांगेतून उठून म्हणाले, "बघता काय? बाद करा."

केतकी तरीही निवडून आली, हुश्श म्हणावं इतक्या काठावर. गणपतीत तिने स्वतःहून त्यांना माइक पुढे केला, "काका, आज भाषण तुम्ही करा." हे म्हणाले, "छे छे, भाषण अध्यक्षांचं." मग तिने केलं. ते ऐकताना सुलभाताई माझ्या कानात पुटपुटल्या, "यांच्या भाषणात या ठिकाणी टाळ्या होत्या गं." मोदक त्या वर्षी घरचेच होते. केतकीने पहाटे उठून वळले होते, निम्मे फुटले होते. नानिवडेकर-सानांनी फुटलेलेच मागून घेतले.

ते निघाले त्या दिवशी मी आणि केतकी स्टेशनवर गेलो होतो. गाडीला थोडा वेळ होता. मी इतके महिने मनात ठेवलेलं विचारलं. "काका, मत गुप्त होतं. तुम्ही कोणाला दिलं हे कुणाला कळलं असतं? शिक्का मारून स्वतःचंच मत का घालवलंत?"

त्यांनी खिशातला शिक्का चाचपला. "पडद्यामागे गेलो हो, चिठ्ठी समोर कोरी. केतकीबाईंचं नाव लिहायचं, दोन अक्षरं झाली की तिसरं. पण हात चालेना. वाटलं, इथे कोण बघतंय? एकदा, एकदाच आपलं नाव लिहावं. अध्यक्ष होणार नव्हतो, ठाऊक आहे. पण एका तरी चिठ्ठीवर..." त्यांनी शिक्का पुन्हा एकदा चाचपला. "मग म्हटलं, नाना, तुझा काही भरवसा नाही. म्हणून आधी शिक्का मारला आणि मग नाव लिहिलं."

केतकीने त्यांचे दोन्ही हात धरले आणि ती रडायला लागली. नानिवडेकर-सान गोंधळून गेले. "अहो केतकीबाई, असं काय करता! मला तुम्ही अजूनही आवडत नाही बरं का," म्हणाले आणि गाडीत चढले. दार लागल्यावर ते आतून आम्हाला वाकले, सुलभाताईंनी त्यांना कॉलर धरून सरळ केलं, आणि गाडी सुटली.